चव्हाट्यावरचा न्याय

गांवांत खून झाल्याची बातमी आली म्हणजे त्या दिवशीं कोणाचेंहि काम वेळेवर होत नाहीं. दुकानाच्या फळ्या निघण्यापूर्वींच ओट्यावर चारसहा मंडळी जमतात. पेढीवरील मुनीम खतावणी उघडी टाकून ऐकत बसतो. न्हाव्याच्या दुकानीं, आगगाडीच्या डब्यांत, वकिलांच्या खोलींत आणि देवळाच्या पायरीवर एकच विषय चालू असतो. दुसरे दिवशीं त्या विषयास पाय फुटतात. तिसरे दिवशीं आरोपी ठरतो. चौथे दिवशीं त्यानें तें कृत्य कां केलें हेंहि ठरतें. आणि पांचवे दिवशीं, पोलिसांनीं त्यास अद्यापि पकडलें कसें नाहीं याबद्दल संताप सुरू होतो. इतका जलद, इतका स्वस्त आणि अपिलाची सोय नसलेला असा न्याय दुसऱ्या कोणत्याहि कचेरींत मिळत नसेल. दूरचित्रवाणीची आणि हातांतल्या भ्रमणध्वनीची जोड मिळाल्यापासून हा ओटा देशाएवढा मोठा झाला आहे. परंतु त्यावर बसणारीं माणसें आणि त्यांची रीत पूर्वींचीच आहे.

या चव्हाट्यावरच्या न्यायाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों. ते आमच्या वाचकांस आणि आमच्या व्यवसायबंधूंस गोड लागतीलच असें नाहीं. न उलगडलेल्या खुनाची चर्चा ही फावल्या वेळाची निरुपद्रवी करमणूक आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. 'आम्ही नुसतें बोलतों; बोलल्यानें कोणाचें काय गेलें?' असें ते म्हणतात. बोलल्यानें काय जातें तें आम्ही दाखवूं इच्छितों. बोलल्यानें निरपराध्याची अब्रू जाते, मेलेल्याची शेवटची प्रतिष्ठा जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे खरा अपराधी सांपडण्याची संधि जाते.

उदाहरणावांचून उपदेश पोकळ वाटतो, म्हणून सर्वांस ठाऊक असलेलें एक उदाहरण घेतों. दिल्लीस लागून असलेल्या नोएडा शहरांत १५ मे २००८ च्या रात्रीं एका सुशिक्षित दांपत्याच्या घरीं त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा खून झाला. तिला चवदावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. या लेखांत तिचें, तिच्या आईबापांचें, किंवा ज्यांच्यावर वेळोवेळीं संशय घेण्यांत आला त्यांपैकीं कोणाचेंहि नांव आम्हीं मुद्दाम घातलेलें नाहीं. हीं नांवें या देशांत इतकीं उच्चारलीं गेलीं आहेत कीं, आणखी एकदां न उच्चारल्यानें कोणाचें अज्ञान वाढणार नाहीं. आणि नांवें वगळूनहि सांगण्यासारखें सर्व सांगतां येतें, हें दाखविणें हाहि या लेखाचा एक हेतु आहे.

१६ मे रोजीं सकाळीं मुलीचें प्रेत सांपडलें. घरचा गडी, नेपाळकडचा एक मध्यमवयाचा मनुष्य, कोठें दिसेना. एवढ्यावर सर्वांचें एकमत झालें कीं खुनी तोच. पोलिसांनीं त्याच्या शोधासाठीं बक्षीस लाविलें. बातमीदारांनीं त्यास खुनी ठरविलें. आणि परप्रांतांतून आलेले गडी घरांत ठेवणें किती धोक्याचें आहे, यावर घरोघर प्रवचनें झालीं. दुसरे दिवशीं, १७ मे रोजीं, त्याच इमारतीच्या गच्चीवर त्या गड्याचें प्रेत सांपडलें. ज्याचा शोध दूरवर घ्यावयाचा ठरलें होतें, तो डोक्यावरच्या गच्चींतच मरून पडला होता. गच्चीच्या दारास कुलूप होतें आणि पहिल्या दिवशीं तें कोणीं उघडलें नाहीं. कां उघडलें नाहीं? आमच्या मतें याचें कारण साधें आहे. उत्तर आपल्यास सांपडलें अशी ज्याची समजूत झाली, तो पुढें शोधीत नाहीं. चव्हाट्यावर ठरलेलें उत्तर पोलिसांच्याहि मनांत ठरून गेलें होतें, आणि एका कुलपाआड असलेलें सत्य एक दिवसभर उन्हांत पडून राहिलें.

त्या सकाळीं दुसरीहि एक गोष्ट घडली. ज्या घरांत खून झाला तें घर बंद करून कोणास आंत न सोडण्याची खबरदारी घेतली गेली नाहीं. शेजारी, आप्त, बातमीदार आणि नुसते बघे यांची आंतबाहेर ये-जा चालू राहिली. खुनाच्या जागेवरील पुरावा हा अंगणांतल्या रांगोळीसारखा असतो. काढणारानें ती कितीहि स्पष्ट काढलेली असो, चार माणसें तीवरून चालून गेलीं म्हणजे पुन्हां जुळवितां येत नाहीं. बोटांचा ठसा, रक्ताचा डाग, एखादा केस, पावलाची खूण, वस्तु कोठें पडली होती ती जागा, यांवर पुढचा सारा खटला उभा राहावयाचा असतो. जो कुतूहलानें डोकावतो तो आपण कांहीं नेलें नाहीं असें समजतो. परंतु तो पुरावाच आपल्या चपलांस लावून नेत असतो. पुढें नऊ वर्षें न्यायालयांतून जी ओढाताण झाली, तिचें बीज त्या एका सकाळच्या गर्दींत होतें असें आम्हांस वाटतें.

गडी मेलेला निघाला तेव्हां पहिला तर्क मेला, पण तर्क करणारे स्वस्थ बसले नाहींत. २३ मे रोजीं मुलीच्या बापास अटक झाली आणि एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानें वार्ताहरांस एकत्र बोलावून खुनाची सारी हकीकत सांगून टाकिली. त्या हकीकतींत मृत मुलीच्या वर्तनावर आणि घरच्या गड्याशीं असलेल्या तिच्या वागणुकीवर शिंतोडे होते. बापाच्या वर्तनावरहि होते. त्या बैठकींत मुलीचें नांवसुद्धां चुकीचें उच्चारलें गेलें. जिचें नांव नीट ठाऊक नाहीं तिचें चारित्र्य मात्र ठाऊक आहे, असा हा प्रकार! आणि दुसऱ्या दिवसापासून देशांतल्या दिवाणखान्यांत, चौदा वर्षांचीहि न झालेली एक मुलगी कशी होती, कोणाशीं बोलत होती, कोणास काय लिहीत होती, याची चिकित्सा सुरू झाली.

येथें आमच्या समाजाची एक जुनी खोड उघडी पडते आणि तिच्याकडे डोळेझांक करणें आम्हांस शक्य नाहीं. पुरुषाचा खून झाला म्हणजे लोक विचारतात, 'त्याचा शत्रु कोण होता?' स्त्रीचा खून झाला म्हणजे विचारतात, 'ती कशी होती?' पहिल्या प्रश्नांत तपास आहे. दुसऱ्यांत निवाडा आहे, आणि तो मेलेलीविरुद्ध आहे. त्याचप्रमाणें घरांत चोरी होवो कीं खून होवो, पहिला संशय गड्यावर, मोलकरणीवर, परक्या मुलुखांतून पोटासाठीं आलेल्या मनुष्यावर जातो. त्याच्याविरुद्ध कांहीं पुरावा असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नसतें म्हणून. चव्हाट्यावरचा तर्क मोकाट धांवतो असें आपल्यास वाटतें; परंतु तो नेहमीं उताराच्याच दिशेनें धांवतो, आणि उताराच्या टोंकाला गरीब मनुष्य आणि स्त्री हींच उभीं असतात. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची आमच्यांत जी म्हण आहे, ती विनोदासाठीं झालेली नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. जून २००८ पासून तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे, गेला. त्या वर्षींच आणखी तीन गरीब माणसें पकडलीं गेलीं. औषधाची सुई टोचून, अर्धवट शुद्धींत ठेवून, त्यांस प्रश्न विचारण्यांत आले. आणि त्या प्रश्नोत्तरांचीं चित्रें पुढें दूरचित्रवाणीवर लोकांनीं चहा पीत पाहिलीं. पुरेसा पुरावा नाहीं म्हणून तीं माणसें सुटलीं. अशी परीक्षा माणसाच्या संमतीवांचून करणें घटनेच्या विरुद्ध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१० रोजीं एका निराळ्या प्रकरणांत दिला. परंतु ज्यांचीं तोंडें देशानें त्या अवस्थेंत पाहिलीं, त्यांस त्या निर्णयानें काय परत मिळालें? डिसेंबर २०१० मध्यें सीबीआयनें तपास बंद करण्याची परवानगी मागितली. पुढच्याच महिन्यांत, या प्रकरणाशीं काडीचाहि संबंध नसलेल्या एका तरुणानें गाझियाबादच्या न्यायालयाच्या आवारांत मुलीच्या बापावर सुऱ्यानें वार केले. चव्हाट्यावर शिक्षा ठरली होती. बजावणारा एक मनुष्य निघाला, एवढेंच. फेब्रुवारी २०११ मध्यें न्यायालयानें तपास बंद करण्याची विनंति नाकारून आईबापांवर खटला चालविण्याचा हुकूम केला. नोव्हेंबर २०१३ मध्यें त्यांस जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें, आरोप निःसंशय सिद्ध होत नाहींत म्हणून, त्यांस मुक्त केलें. त्यावर सीबीआयनें केलेलें अपील सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें दाखल करून घेतलें.

खून कोणीं केला याविषयीं आम्ही कांहीं बोलणार नाहीं. बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आम्ही फक्त जमाखर्च मांडतों. त्या एका रात्रीनंतर एक मेलेला गडी, एक बाप, एक आई आणि तीन परके गरीब अशीं सहा माणसें वेगवेगळ्या वेळीं या देशाच्या ओट्यावर खुनी ठरलीं. तीं सर्व एकाच वेळीं खुनी असणें शक्य नाहीं. म्हणजे त्यांपैकीं कांहींजणांवर तरी घोर अन्याय झाला हें गणितानेंच सिद्ध आहे. आणि जमेच्या बाजूस काय? त्या दोन खुनांबद्दल आज कोणीहि शिक्षा भोगीत नाहीं. एवढ्या मोठ्या चर्चेचें उत्पन्न तें एवढें!

कोणी म्हणेल, हा सारा दोष या नव्या यंत्रांचा आहे. पूर्वीं असें नव्हतें. तें खरें नाहीं. १८८८ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत पांच गरीब स्त्रियांचे क्रूर खून झाले. तेव्हां दूरचित्रवाणी नव्हती. छापखाने होते, आणि तेवढे पुरेसे झाले. त्या भागांत कातड्याचा अंगरखा घालून हिंडणारा एक मनुष्य खुनी आहे अशी हूल उठली. वर्तमानपत्रांनीं ती उचलली. आणि जोडे तयार करण्याचा धंदा करणाऱ्या एका गरीब ज्यू मनुष्यास सप्टेंबरमध्यें धरण्यांत आलें. खुनांच्या वेळीं तो दुसरीकडे होता असें ठरून तो दोनतीन दिवसांत निर्दोष सुटला. परंतु परदेशांतून आलेल्या ज्यू लोकांविरुद्ध मोहल्ल्यांत जी आग पेटली, तिची भीति एवढी होती कीं, सप्टेंबरच्या अखेरच्या खुनांनंतर एका भिंतीवर ज्यूंविषयीं खडूनें लिहिलेला मजकूर सांपडतांच, दंगा होईल या धाकानें पोलिसांच्या मुख्य अधिकाऱ्यानें उजाडण्यापूर्वींच तो पुसून टाकविला. तो मजकूर खुन्याचाच होता कीं नव्हता हें आतां कधींच कळणार नाहीं. लोकक्षोभाच्या भीतीनें पुरावा पुसावा लागला, हें त्या क्षोभाचें फळ. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, ज्या टोपणनांवानें तो अज्ञात खुनी जगभर ओळखला जातो, तें नांव एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रांतून आलें. आणि तें पत्र खुन्याचें नसून कोणा वार्ताहरानेंच रचलें असावें, असें त्या वेळच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचें मत होतें. शंभरांहून अधिक वर्षें झालीं. तर्काचीं पुस्तकें ढिगानें निघालीं. दरबारी वैद्यापासून नामांकित चित्रकारापर्यंत अनेकांस खुनी ठरवून झालें. खुनी सांपडला नाहीं. मात्र त्या पांच स्त्रियांची नांवें किती जणांस सांगतां येतील? त्या सर्व वेश्या होत्या असें सरसकट लिहिलें गेलें. त्यांपैकीं निदान तिघींविषयीं तसा पुरावा नाहीं, असें एका इतिहासकार स्त्रीनें २०१९ सालच्या ग्रंथांत दाखवून दिलें. खुन्यास दंतकथा मिळाली आणि मेलेल्यांस बदनामी मिळाली. १८८८ काय आणि २००८ काय, चव्हाट्याचा न्याय असाच असतो.

'धूर आहे त्या अर्थीं कोठें तरी विस्तव असलाच पाहिजे,' हें वाक्य अशा वेळीं हटकून ऐकूं येतें. आमच्या जुन्या तर्कशास्त्रानें धूर आणि अग्नि यांचें हें उदाहरण शतकानुशतकें घोळलें आहे, पण त्या शास्त्राचा पहिला दंडक लोक विसरतात. डोंगरावर जें दिसतें तो धूरच आहे, धुकें किंवा धूळ नव्हे, याची आधीं खात्री पाहिजे. मग अग्नीचें अनुमान. अफवा हा धूर नव्हे. दहा तोंडांतून आलेली एकच अफवा म्हणजे दहा पुरावे नव्हेत. तें एकच तोंड दहा ठिकाणीं उघडलेलें असतें.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. पत म्हणजे काय हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. एखाद्या पेढीविषयीं संध्याकाळीं कोणी हळूच म्हणतो, 'ऐकलेंत का?' आणि सकाळीं त्या पेढीच्या दारीं ठेवीदारांची रांग लागते. पेढी भक्कम असली तरी त्या रांगेनेंच ती बुडते. म्हणूनच जाणता व्यापारी हुंडी हातीं आली म्हणजे लिहिणारा कोण, सही कोणाची, मुदत कोणती हें पाहतो, आणि खात्री पटल्याखेरीज ती सकारीत नाहीं. पांचशें रुपयांच्या हुंडीस जी सावधगिरी, ती एका माणसाच्या जन्माच्या अब्रूस नको काय? सट्ट्यांत निदान चुकणाराचें स्वतःचें नुकसान होतें. खुनाच्या तर्काचा सट्टा असा आहे कीं, त्यांत खेळणारा एक, आणि दिवाळें निघतें भलत्याचेंच.

आतां एका खऱ्या आक्षेपाचें उत्तर देणें अवश्य आहे. 'लोकांनीं तोंड बंद ठेविलें तर बडे लोक खून पचवतील. पोलीस निजून राहतील. लोकमताच्या रेट्याशिवाय या देशांत न्याय कोणास मिळाला आहे?' हा आक्षेप पोकळ नाहीं. १९९९ सालीं दिल्लींत एका तरुणीस भर मेजवानींत गोळी घालून मारण्यांत आलें. साक्षीदार एकामागून एक उलटले. फेब्रुवारी २००६ मध्यें सारे आरोपी सुटले. देशभर संताप उसळला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तो निकाल फिरवून मुख्य आरोपीस जन्मठेप दिली. लोकांनीं आवाज उठविला नसता तर हें इतक्या लवकर झालें नसतें असें आम्हीहि म्हणतों. परंतु लोकांनीं त्या वेळीं काय विचारलें तें पाहा. साक्षीदार कां उलटले? तपासांत ढिलाई कोणीं केली? सरकारनें अपील केलें कां नाहीं? हे प्रश्न संस्थांस होते, आणि उत्तर न्यायालयानें कागदावरच्या पुराव्यांतून दिलें, ओट्यावरच्या तर्कांतून नव्हे.

आमच्या पुण्यांतलें उदाहरण याहून जवळचें आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांस गोळ्या घालून मारण्यांत आलें. अंधश्रद्धेशीं झगडणाऱ्या त्या गृहस्थाच्या आप्तांस आणि सहकाऱ्यांस कोणाचा संशय आला नसेल असें नाहीं. पण त्यांनीं जमाव जमवून कोणाच्या घरावर दगड टाकले नाहींत. ते त्याच पुलावर वारंवार जमले आणि तपास कोठवर आला एवढेंच विचारीत राहिले. न्यायालयाकडे दाद मागण्यांत आली, २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तपास सीबीआयकडे सोंपविला, आणि पुढें वर्षानुवर्षें त्यावर देखरेख ठेविली. १० मे २०२४ रोजीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें दोघांस जन्मठेप दिली आणि तिघांस पुराव्याअभावीं मुक्त केलें. हा न्याय उशिराचा आहे, अपुरा आहे असें म्हणणारांशीं आम्ही वाद घालणार नाहीं. पण तो मिळाला तो 'कोणीं केला तें आम्हांस ठाऊक आहे' या वाक्यानें नव्हे. 'तुम्हीं काय केलेंत तें सांगा' या प्रश्नानें मिळाला. या दोन वाक्यांतला भेद आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावा. पहिल्या वाक्यानें जमाव बनतो; दुसऱ्यानें नागरिक बनतो.

कायद्यानेंहि हाच भेद फार पूर्वीं ओळखला. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतहि तें तत्त्व कायम आहे. जो जबाब न्यायाधीशानें वाचूं नये असें कायदा म्हणतो, तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत वाचावयास मिळतो, याला काय म्हणावें? १८ जानेवारी २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें एका नटाच्या मृत्यूनंतर उठलेल्या कोलाहलावर निकाल देतांना स्पष्ट सांगितलें कीं, तपास चालू असतां माध्यमांनीं चालविलेला खटला न्यायदानांत अडथळा आणतो. आरोपी किंवा मृत यांच्या चारित्र्याची चर्चा, पोलिसांपुढच्या कबुलीची प्रसिद्धि, साक्षीदारांच्या मुलाखती, गुन्ह्याचे नटवून केलेले देखावे, दोषादोषाचा आगाऊ निवाडा, या गोष्टी टाळाव्या असें त्या न्यायालयानें बजाविलें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, पोलिसांनीं वार्ताहरांस काय सांगावें आणि काय सांगूं नये याचे नियम तयार करण्यास केंद्र सरकारच्या गृहखात्यास सांगितलें. नियम कागदावर येणें सोपें आहे. ज्या अधिकाऱ्यास आपलें चित्र दूरचित्रवाणीवर दिसावें अशी हौस आहे, त्याच्या जिभेवर ते येणें कठीण आहे. तपास अपुरा असतां हकीकत पुरी सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याकडून कारवाई झाली, असें लोकांस एकदां तरी दिसलें पाहिजे. तोंवर हे नियम भिंतीवरच्या पंचांगासारखे राहतील.

परंतु सारा बोजा पोलिसांवर आणि न्यायालयांवर टाकून आपण मोकळे होऊं, असें कोणीं समजूं नये. झडतीच्या वेळीं त्याच भागांतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर असावे, असें कायदा सांगतो. हे प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे कोण? आमचे वाचकच. आणि पोलिसांची गाडी गल्लींत उभी राहिली म्हणजे हे प्रतिष्ठित रहिवासी कोठें असतात? दुकान अर्धें ओढून मागच्या दारानें घरीं गेलेले असतात. पंच व्हावयाचें म्हणजे पुढें दहा वेळां कचेरीच्या खेपा, दिवसाचा धंदा बुडणार, आरोपीचें वैर येणार. ही अडचण खरी आहे आणि ती दूर करणें हें सरकारचें काम आहे. पण तिचा परिणाम असा होतो कीं, पोलिसांस रोजचेच ठरीव पंच मिळतात, त्यांची साक्ष उलटतपासणींत टिकत नाहीं, आणि खटला कोसळतो. मग तेच प्रतिष्ठित रहिवासी ओट्यावर बसून 'या देशांत न्याय उरला नाहीं' असें म्हणावयास मोकळे! ज्यास कांहीं ठाऊक नाहीं तो दिवसभर बोलतो, आणि ज्यानें कांहीं पाहिलें आहे तो साक्षीस जात नाहीं. आमच्या समाजाच्या या दोन दोषांपैकीं कोणता मोठा, हें ठरविणें आम्हांस कठीण जातें. एका खऱ्या साक्षीदाराचीं चार वाक्यें हजार तर्कांहून अधिक मोलाचीं असतात.

आमच्या व्यवसायासहि आरसा दाखविला पाहिजे. खुनाची बातमी मोठ्या अक्षरांत छापली म्हणजे अंक अधिक खपतो, हें आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. संशयिताच्या अटकेस पहिलें पान आणि त्याच्या सुटकेस सातव्या पानाचा कोपरा, हा हिशेब अनेक छापखान्यांतून चालत आला आहे. 'समजतें', 'कळतें', 'बोललें जातें' या तीन शब्दांच्या आड लपून एखाद्याचा संसार धुळीस मिळवितां येतो. ज्यास हीं अक्षरें छापतां येतात त्यानें तीं मागें घेण्याचीहि तयारी ठेविली पाहिजे, आणि ज्या जागीं, ज्या आकारांत आरोप छापला त्याच जागीं, त्याच आकारांत निर्दोषताहि छापली पाहिजे. हा नियम जो पाळील तोच लोकमताचा कैवारी म्हणवून घेण्यास पात्र. इतर सर्व कुतूहलाचे दुकानदार.

शेवटीं वाचकांस एकच विनंति आहे. पुढें केव्हां तरी, या गांवांत किंवा दुसऱ्या, पुन्हां एखादा खून होईल, आणि पुन्हां ओट्यावर कोणी तरी आवाज खालीं आणून एक नांव उच्चारील. त्याच्याशीं भांडूं नये, त्यास उपदेशहि करूं नये. शांतपणें एवढेंच विचारावें, 'हें तुम्हांस कसें कळलें?' त्यानें स्वतः कांहीं पाहिलें असेल, तर त्यास बरोबर घेऊन पोलीसठाण्यावर जावें. तेथें त्याची गरज आहे. त्यानें पाहिलें नसेल, तर तो गप्प बसेल, आणि त्या दिवशीं एका माणसाची अब्रू वांचेल. तें माणूस कोण होतें हें आपल्यास कदाचित् कधींच कळणार नाहीं. पण ज्या समाजांत असा प्रश्न विचारणारे पुष्कळ निघतात, त्याच समाजांत खरे खुनी पकडले जाण्याचा संभव अधिक असतो.